सगळी खनिज अ‍ॅसिडं स्ट्राँग नसतात आणि सगळी सेंद्रिय अ‍ॅसिडं वीक नसतात

०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड एका बीकरमध्ये आणि ०.१ मोलरच अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड दुसऱ्या बीकरमध्ये, असे दोन शेजारी ठेवले तर नुसतं बघून कोणतं कुठलं ते सांगता येत नाही (वासावरून येईल, तो भाग वेगळा). दोन्हींत लिटरमागे अ‍ॅसिडचे रेणू तेवढेच घातलेत. पण पीएच मीटर (आकडा जितका लहान तितकं द्रावण जास्त आम्लधर्मी) बुडवला की एकात १.१ च्या आसपास आणि दुसऱ्यात २.९ च्या आसपास आकडा येतो, आणि कंडक्टिव्हिटी मोजली तर फरक अजूनच ठळक, हायड्रोक्लोरिकचं द्रावण अ‍ॅसेटिकच्या जवळपास ७५ पट वीज वाहून नेतं.

मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा टाकला तर एकात जोरात बुडबुडे, दुसऱ्यात आपलं निवांत. पण दोन्ही बीकरमधून शेवटी किती हायड्रोजन निघाला ते मोजलं (फीत पुरेशी घेतली असेल तर) तर आकडा सारखाच येतो. कॉस्टिक सोड्याचं द्रावण ब्युरेटमधून सोडलं तर तिथेही तेच, दोघांनाही उदासीन करायला सारखेच मिलिलिटर लागतात. म्हणजे अ‍ॅसेटिकमध्ये अ‍ॅसिड "कमी" नाहीये, सगळा माल आहे पण तो एकदम बाहेर काढलेला नाहीये. स्ट्राँग आणि वीक हा सगळा प्रकार इथे येऊन थांबतो, की घातलेल्या रेणूंपैकी किती रेणू एका क्षणी फुटलेले आहेत.

फुटणं म्हणजे नक्की काय होतं? अ‍ॅसिडचा रेणू आपला एक हायड्रोजन, तोही इलेक्ट्रॉन मागे सोडून, म्हणजे नुसता प्रोटॉन, पाण्याच्या रेणूला देतो. पाण्याचा होतो हायड्रोनियम आयन आणि मागे उरतो ऋणायन, म्हणजे ऋण भार असलेला आयन. यालाच आयनीभवन म्हणायचं. स्वीडनच्या अरेनियसने १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात पाण्यात विरघळलेले पदार्थ आयनांमध्ये फुटतात असं मांडलं तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं होतं, आणि त्याच कल्पनेसाठी १९०३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. प्रोटॉन देणारा तो अ‍ॅसिड आणि घेणारा तो बेस ही आज वापरतो ती व्याख्या मात्र १९२३ ची, डेन्मार्कमध्ये ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडमध्ये लोरी यांनी स्वतंत्रपणे दिलेली.

हायड्रोक्लोरिकच्या बाबतीत हे देणं एकतर्फी असतं, पाण्यात गेलं की जवळजवळ प्रत्येक रेणू फुटतो, मूळ रेणू शोधून सापडायचा नाही. अ‍ॅसेटिकच्या बाबतीत दोन्ही दिशांना रहदारी चालू असते, काही रेणू प्रोटॉन देतात, तेवढ्याच वेगाने काही अ‍ॅसिटेट आयन प्रोटॉन परत घेतात, आणि समतोल जिथे येतो तिथे ०.१ मोलर द्रावणात १००० रेणूंपैकी साधारण १३ च फुटलेले असतात. बाकीचे ९८७ अख्खे. आता मॅग्नेशियमने किंवा कॉस्टिक सोड्याने ते १३ प्रोटॉन खाल्ले की समतोल बिघडतो, मग अजून काही रेणू फुटतात, ते खाल्ले की अजून काही, असं करत करत शेवटचा रेणूसुद्धा संपतो. म्हणून वेग कमी, हिशेब सारखा.

हा समतोल एका आकड्यात सांगतात, पीकेए. आकडा जितका लहान तितकं अ‍ॅसिड स्ट्राँग, आणि १ ने फरक म्हणजे समतोलाच्या स्थिरांकात १० पट फरक, हे डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं सोपं जाईल. अ‍ॅसेटिकचा पीकेए ४.७६, फॉर्मिकचा ३.७५, बेन्झोइकचा ४.२०, लॅक्टिकचा ३.८६. दुसरीकडे नायट्रिकचा उणे १.४ च्या आसपास, सल्फ्युरिकच्या पहिल्या प्रोटॉनचा उणे ३ च्या आसपास, हायड्रोक्लोरिकचा त्याहूनही खाली. इतकंच बघितलं तर वाटतं की बरोबर आहे, खनिज (कार्बनचा सांगाडा नसलेलं) म्हणजे स्ट्राँग आणि सेंद्रिय (कार्बनचा सांगाडा असलेलं) म्हणजे वीक, पाठ करून टाकू. आणि बरेच जण तसंच पाठ करतातही.

पण मग बोरिक अ‍ॅसिड बघा, खनिज आहे आणि पीकेए ९.२४, म्हणजे अ‍ॅसेटिकच्या तुलनेत हजारो पटींनी कमजोर. (ते तर स्वतःचा प्रोटॉन देतसुद्धा नाही, पाण्याकडून हायड्रॉक्साइड ओढून घेतं आणि पाण्याचा प्रोटॉन मोकळा करतं.) कार्बोनिकचा ६.३५. हायड्रोफ्लोरिक ३.१७, फॉस्फोरिकचा पहिला २.१५, हे दोघे मधल्या फळीतले. आणि सेंद्रिय बाजूला मिथेनसल्फोनिक अ‍ॅसिड, पीकेए उणे २ च्या जवळ, नायट्रिकच्या पंगतीत बसणारं, ट्रायफ्लिक अ‍ॅसिड तर सल्फ्युरिकलाही मागे टाकतं. पिक्रिक अ‍ॅसिड हे मुळात फिनॉलच, पण त्यावर तीन नायट्रो गट बसवले की पीकेए १० वरून ०.४ वर. तेव्हा खनिज की सेंद्रिय हे अ‍ॅसिड कुठून आलंय आणि त्यात कार्बनचा सांगाडा आहे की नाही ते सांगतं, ताकदीचा निकाल वेगळ्याच गोष्टीवर लागतो.

ती गोष्ट म्हणजे प्रोटॉन गेल्यावर मागे उरलेला ऋणायन. त्याला अंगावर आलेला ऋण भार सोसवतो का नाही. सोसवत असेल तर तो प्रोटॉन परत घ्यायला धावत नाही, अ‍ॅसिड स्ट्राँग. सोसवत नसेल तर दिसेल तो प्रोटॉन ओढून घेतो, अ‍ॅसिड वीक. माझ्या मते हे एवढं एक वाक्य पक्कं झालं तर स्ट्राँग अ‍ॅसिडांची यादी पाठ करायची गरजच राहत नाही, यादी आपोआप बाहेर पडते.

इथेनॉल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचीच तुलना घ्या. दोन्हींत दोन-दोन कार्बन, दोन्हींत ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन, तरी इथेनॉलचा पीकेए १६ च्या आसपास आणि अ‍ॅसेटिकचा ४.७६, म्हणजे अकरा पायऱ्यांचा फरक, शंभर अब्ज पटीच्याही वर! इथेनॉलमधून प्रोटॉन गेला तर सगळा भार एकाच ऑक्सिजनच्या डोक्यावर येतो. अ‍ॅसेटिकमध्ये त्याच कार्बनवर दुसरा ऑक्सिजन आहे, ओझं दोघांनी मिळून उचलायचं. हे नुसतं कागदावरचं चित्र नाहीये, मोजता येतं. फॉर्मिक अ‍ॅसिडच्या रेणूत कार्बन आणि ऑक्सिजनमधले दोन बंध वेगवेगळ्या लांबीचे असतात, एक १२० पिकोमीटरच्या आसपास (दुहेरी बंध) आणि एक १३४ च्या आसपास (एकेरी). सोडियम फॉर्मेटमध्ये मात्र दोन्ही बंध सारखे, साधारण १२७ पिकोमीटर. म्हणजे एक ऑक्सिजन भारवाला आणि एक बिनभाराचा अशी वाटणी उरलेलीच नाही, दोघांवर अर्धा अर्धा.

आता या कार्बोक्झिलिक गटाच्या (एका कार्बनवर दोन ऑक्सिजन, त्यांतल्या एकावर सुटणारा हायड्रोजन) शेजारी इलेक्ट्रॉन ओढणारं कोणीतरी बसवलं तर भार अजून पसरतो. अ‍ॅसेटिकच्या मिथिल गटातला (एक कार्बन आणि त्यावर तीन हायड्रोजन) एकेक हायड्रोजन काढून क्लोरीन लावत गेलो की काय होतं ते बघण्यासारखं आहे. ०.१ मोलर द्रावणात साध्या अ‍ॅसेटिकचं आयनीभवन १.३ टक्के, एक क्लोरीन लावला की ११ टक्क्यांच्या आसपास, दोन लावले की जवळपास निम्मे रेणू फुटलेले, आणि तीन लावले की साधारण ७५ टक्के. कार्बनचा सांगाडा तोच, सेंद्रियपणा तोच, आणि तरी ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक हे जवळजवळ खनिज अ‍ॅसिडासारखं वागायला लागलं. क्लोरीन लांब गेला की मात्र त्याचा हात पोचत नाही. ब्युटॅनोइक अ‍ॅसिडचा पीकेए ४.८२, त्यात कार्बोक्झिलिकच्या लगतच्या कार्बनवर क्लोरीन असेल तर २.८६, एक कार्बन पुढे सरकवला तर ४.०५, अजून एक पुढे तर ४.५२, म्हणजे क्लोरीन असून नसल्यासारखा.

खनिज अ‍ॅसिडांतही हीच युक्ती, फक्त तिथे मदतीला ऑक्सिजन जास्त असतात. क्लोरीनची चार ऑक्सिअ‍ॅसिडं आहेत. हायपोक्लोरसमध्ये भार उचलायला एकच ऑक्सिजन, पीकेए ७.५. क्लोरसमध्ये दोन, पीकेए २ च्या जवळ. क्लोरिकमध्ये तीन, आकडा उणे १ च्या आसपास. परक्लोरिकमध्ये चार, आणि ते इतकं स्ट्राँग की पाण्यात थेट मोजताच येत नाही. सल्फ्युरिक आणि नायट्रिक स्ट्राँग का आणि बोरिक वीक का, हे इथेच कळतं. सल्फेट आणि नायट्रेटमध्ये भार तीन-चार ऑक्सिजनांवर पसरलेला असतो, बोरिकमध्ये दुहेरी बंधाचा जादा ऑक्सिजनच नाही. मिथेनसल्फोनिक स्ट्राँग का तेही इथेच, गंधकावरचे तीन ऑक्सिजन भार वाटून घेतात, बाजूला मिथिल लटकतोय म्हणून काही बिघडत नाही.

हायड्रोजनला थेट हॅलोजन जोडलेली जी अ‍ॅसिडं आहेत त्यांचं गणित थोडं निराळं. तिथे बहुतेकांचा अंदाज चुकतो कारण फ्लोरीन सगळ्यात जास्त इलेक्ट्रॉन ओढतो म्हणजे हायड्रोफ्लोरिक सगळ्यात स्ट्राँग असणार असं वाटतं, आणि प्रत्यक्षात चौघांत तेच एकटं वीक. कारण हायड्रोजन आणि फ्लोरीनचा बंध तोडायला मोलमागे साडेपाचशे किलोज्यूलच्या वर लागतात, क्लोरीनसाठी ४३१, आयोडीनसाठी २९९ च. शिवाय फ्लोराइड आयन एवढासा, भार लहानशा जागेत कोंबलेला, आयोडाइड ऐसपैस. त्यामुळे ०.१ मोलर हायड्रोफ्लोरिकमध्ये ८ टक्क्यांच्या आसपासच रेणू फुटतात.

आणि वीक म्हणून हायड्रोफ्लोरिकला कोणी हलक्यात घेऊ नये. काच खाणारं हेच, आणि कातडीवर पडलं तर जास्त धोक्याचं होतं ते त्याच्या वीकपणामुळेच, कारण न फुटलेला, भार नसलेला रेणू कातडीतून आरामात आत शिरतो आणि आत गेल्यावर फ्लोराइड शरीरातल्या कॅल्शियमला धरून बसतो, त्यातून हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. फिनॉलचंही तसंच, पीकेए १०, म्हणजे कार्बोनिकपेक्षाही वीक, बेकिंग सोड्यावर टाकलं तर फसफसतसुद्धा नाही (अ‍ॅसेटिक फसफसतं), पण अंगावर सांडलं तर गंभीर भाजतं आणि विषबाधाही होते. उलट सल्फ्युरिक पाण्यात चांगलं पातळ केलं तर स्ट्राँग असूनही त्याचा तसा धाक राहत नाही. स्ट्राँग-वीक हे फक्त आयनीभवनाचं माप आहे, कॉन्सन्ट्रेटेड-डायल्यूट हे लिटरमध्ये किती घातलंय त्याचं, आणि किती घातक हे तिसरंच. या तिन्हींची खिचडी करण्यातूनच निम्मे गैरसमज जन्माला येतात.

ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड हे याचं मस्त उदाहरण. जवळजवळ शुद्ध, १७ मोलरच्या वर, १६.६ अंशांच्या खाली बर्फासारखं गोठतं, कातडी भाजते. एवढं कॉन्सन्ट्रेटेड, पण वीज जवळपास वाहतच नाही, कारण प्रोटॉन घ्यायला पाणीच नाही. त्यात पाणी घालत गेलं की कंडक्टिव्हिटी आधी वाढते! पातळ केल्यावर अ‍ॅसिड जास्त फुटतं हे ऐकायला उलटं वाटतं पण रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने १८८८ मध्ये याचं सूत्रच मांडलंय. १ मोलरला अ‍ॅसेटिक ०.४ टक्के फुटलेलं, ०.१ ला १.३ टक्के, ०.०१ ला ४ टक्के, ०.००१ ला १२ टक्के, आणि अगदी ०.००००१ मोलरपर्यंत खाली नेलं तर ७० टक्क्यांच्या आसपास. फुटलेले आयन एकमेकांपासून लांब गेले की परत भेटायची शक्यता कमी होते ना, म्हणून. पण टक्केवारी वाढली म्हणून द्रावण जास्त आम्लधर्मी झालं असं नाही, १ मोलरवरून ०.००१ वर येताना टक्केवारी ३० पट वाढते पण मुळात माल १००० पट कमी झालेला असतो.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते आणि ती शाळेच्या पुस्तकात येत नाही. बंध तोडून प्रोटॉन काढायचा म्हणजे भरपूर उष्णता लागत असेल असं वाटतं. पण अ‍ॅसेटिकचं पाण्यातलं आयनीभवन मोजलं तर २५ अंशांना लागणारी उष्णता जवळपास शून्य निघते, मोलमागे अर्धा किलोज्यूलही नाही. मग ते अडतं कशावर? तर पाण्यावर. आयन तयार झाले की आजूबाजूचे पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती शिस्तीत रांगा लावून उभे राहतात, त्यांचं मोकळं फिरणं बंद होतं, म्हणजे एन्ट्रॉपी घटते, आणि मोलमागे जो २७ किलोज्यूलचा अडसर आहे तो जवळजवळ सगळा त्यातून येतो. क्लोरीन लावलेल्या अ‍ॅसिडात भार पसरलेला असतो म्हणून पाण्याला एवढी कवायत करावी लागत नाही. म्हणजे "भार सोसवतो का" या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आयनाच्या पोटात नसून त्याच्या भोवतालच्या पाण्यात असतं.

पाण्याचा अजून एक खेळ आहे. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, परक्लोरिक ही तिन्ही पाण्यात सारखीच स्ट्राँग दिसतात, कारण पाण्यात टिकू शकणारं सगळ्यात स्ट्राँग अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोनियम, त्याच्यापेक्षा वरचढ जे कोणी असेल ते आपला प्रोटॉन पाण्याला देऊन हायड्रोनियमच्या पातळीवर येतं. खरी उतरंड बघायची तर पाण्याऐवजी असा द्रावक हवा जो प्रोटॉन घ्यायला नाखूश असतो, आणि ग्लेशियल अ‍ॅसेटिक तसंच आहे. त्यात परक्लोरिक बऱ्यापैकी फुटतं, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक मागे पडतात, वीक अ‍ॅसिडांसारखी वागतात. औषधांच्या तपासणीत कमजोर बेस मोजायला अ‍ॅसेटिकमधलं परक्लोरिक वापरतात ते यासाठीच.

ज्यांच्याकडे एकाहून जास्त प्रोटॉन असतात तिथे खनिज आणि सेंद्रिय दोन्हींत एकच नियम, पहिला सुटतो तेवढ्या सहज दुसरा सुटत नाही, कारण आता तो आधीच ऋण भार असलेल्या आयनामधून ओढायचा असतो. फॉस्फोरिकचे तीन आकडे २.१५, ७.२० आणि १२.३५, मोठमोठ्या उड्या. सायट्रिकचे ३.१३, ४.७६ आणि ६.४०, उड्या लहान, कारण तिथे तीन कार्बोक्झिलिक गट एकमेकांपासून अंतर राखून आहेत, फॉस्फोरिकमध्ये सगळं एकाच फॉस्फरसभोवती. सल्फ्युरिकमध्ये इथेच लोक फसतात, ०.१ मोलर सल्फ्युरिक म्हणजे हायड्रोजन आयन ०.२ मोलर असं सरळ लिहून मोकळे होतात. दुसऱ्या प्रोटॉनचा पीकेए २ च्या जवळ आहे, आणि पहिल्याने आधीच गर्दी केल्यामुळे दुसरा फारसा फुटत नाही, खरा आकडा ०.११ च्या आसपास निघतो.

टायट्रेशनमध्ये, म्हणजे सुरुवातीला केलं तसं ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा सोडताना, मिलिलिटर सारखे लागले तरी इंडिकेटर (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) मात्र बघून घ्यावा लागतो. हायड्रोक्लोरिक आणि कॉस्टिक सोड्याचा शेवटचा बिंदू पीएच ७ ला आणि तिथे उडी इतकी मोठी की मिथिल ऑरेंज घेतला काय, फिनॉल्फ्थॅलिन घेतलं काय, चालून जातं. ०.१ मोलर अ‍ॅसेटिकच्या बाबतीत शेवटी उरतो अ‍ॅसिटेट, आणि तो पाण्याकडून थोडेफार प्रोटॉन परत घेतो म्हणून बिंदू ८.७ च्या आसपास येतो. मिथिल ऑरेंज ४.४ पर्यंत पिवळा होऊन बसतो, तेव्हा अर्धंही अ‍ॅसिड संपलेलं नसतं. फिनॉल्फ्थॅलिनच घ्यायचं.

आणि वीक असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग होतो तो पेशींच्या बाबतीत. पेशीच्या पडद्यातून भार असलेला आयन सहजी जात नाही, भार नसलेला अख्खा रेणू जातो. हायड्रोक्लोरिककडे अख्खे रेणूच नसतात. वीक सेंद्रिय अ‍ॅसिडाकडे ते असतात, आणि किती असतात ते पीएचवर ठरतं. पीएच आणि पीकेए सारखे असतील तर निम्मे अख्खे निम्मे फुटलेले, पीएच १ ने वर गेला की अख्खे साधारण ९ टक्के, २ ने वर गेला की १ टक्का. अ‍ॅस्पिरिनचा पीकेए ३.५, जठरात पीएच १.५ असेल तर त्याचे ९९ टक्के रेणू अख्खे असतात, रक्तात ७.४ ला ८००० तला एखादाच अख्खा. (तरी बहुतेक अ‍ॅस्पिरिन लहान आतड्यातच शोषलं जातं बरं का, कारण तिथलं क्षेत्रफळ प्रचंड आहे, नुसत्या पीकेएवर सगळं ठरत नाही.)

टिकाऊपणासाठी बेन्झोइक अ‍ॅसिड घालतात त्यातही हेच चालू असतं. अख्खा रेणू बुरशीच्या पेशीत घुसतो, आत पीएच ७ च्या जवळ असतो त्यामुळे तिथे तो लगेच फुटतो, बेन्झोएट झाला की त्याला परत बाहेर पडता येत नाही, प्रोटॉन आत साठतात आणि ते बाहेर फेकण्यातच पेशीची शक्ती संपते. बाहेरचं द्रावण ४.२ पीएचचं असेल तर निम्मे रेणू या कामाचे, ६.२ असेल तर १०० तला एकच. म्हणूनच बेन्झोएट आंबट पदार्थांतच घालतात, उदासीनच्या जवळपास असलेल्या पदार्थात ते ओतूनही विशेष फरक पडत नाही.